मेसेज कुठे संपतो, हे टीसीपी सांगत नाही

सॉकेटवर चालणारा प्रोग्रॅम स्वतःच्या लॅपटॉपवर दिवसभर बिनतक्रार चालतो, आणि सर्व्हरवर चढवला की तासाभरात कुरबुर सुरू करतो. लॉगमध्ये ‘जेसन अपूर्ण आहे’ अशी ओळ दिसते. कधी दोन मेसेज एकमेकांना चिकटून येतात. कधी एक मेसेज बिघडतो आणि त्यानंतर त्या जोडणीवर येणारं सगळंच कचरा निघतं. मग कोणी दोन मेसेजच्या मधे शंभर मिलिसेकंदांची झोप घालतं, कोणी बफर 1024 चा 8192 करतं. तक्रार दोन दिवस दबते आणि गर्दी वाढली की परत डोकं वर काढते.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत असते: एकदा ‘सेंड’ केलं की पलीकडे एकदा ‘रिसीव्ह’ होणार. टीसीपीने असं वचन कधीच दिलेलं नाही. मेसेज कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरवणं तुमच्या प्रोग्रॅमचं काम आहे. ते नीट कसं करायचं, हे इथे क्रमाने पाहू.

टीसीपीचं वचन किती, कुठपर्यंत

टीसीपीचं मूळ विधान सप्टेंबर 1981 च्या आरएफसी 793 मध्ये आहे; ऑगस्ट 2022 मध्ये त्याची जागा आरएफसी 9293 ने घेतली. दोन्हींत हमी सारखीच आहे: पाठवलेले बाइट त्याच क्रमाने, न गळता, न दुबार होता पोचतील, पोचवता आले नाहीत तर जोडणी तुटल्याचं कळेल. हमी आहे ती बाइटच्या सलग प्रवाहाची. तुम्ही कुठे थांबून पुन्हा लिहायला लागलात, याची नोंद त्या प्रवाहात राहत नाही. मोडीतल्या जुन्या कागदासारखं हे आहे: अक्षरं सगळी जागच्या जागी, पण शब्द तोडून लिहिलेले नाहीत, कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याला माहीत असावं लागतं.

समजा, बसमधलं एक जीपीएस यंत्र सर्व्हरला 40 बाइटचा एक असे तीन मेसेज पाठवतं. सर्व्हर तीनदा वाचेल तेव्हा त्याला 40, 40, 40 मिळू शकतात. पहिल्याच वाचनात 120 मिळू शकतात. 55 आणि 65 मिळू शकतात, किंवा 1 आणि 119. चारही प्रकार टीसीपीच्या नियमांत बसतात आणि चारही प्रकारांत तुमचा प्रोग्रॅम बरोबर चालला पाहिजे.

असं का होतं, याची कारणं साधी आहेत. पाठवणाऱ्याच्या कर्नलमध्ये आधी बफर भरतो आणि त्यातून सोयीनुसार तुकडे निघतात. साध्या इथरनेटवर एका पॅकेटात 1500 बाइट मावतात. त्यातले 20 आयपीच्या आणि 20 टीसीपीच्या हेडरला गेले की उरतात 1460. टाइमस्टॅम्पचा पर्याय चालू असेल तर 1448. त्याहून मोठा मेसेज फुटणारच. उलट, छोटे मेसेज एकत्र होऊन निघू शकतात. वाटेत एखादं पॅकेट हरवलं तर मागची पॅकेटं कर्नलमध्ये ताटकळतात आणि हरवलेलं परत आलं की सगळा ढीग एकदम तुमच्या हातात पडतो.

लॅपटॉपवर हे दिसत नाही, त्यालाही कारण आहे. लिनक्सच्या लूपबॅकवर पॅकेटची मर्यादा 65536 बाइट असते, काही हरवत नाही आणि उशीरही जवळजवळ नसतो. त्यामुळे ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे इथे काहीच सिद्ध करत नाही.

‘मग यूडीपी वापरू, त्यात सीमा टिकतात,’ असा एक सल्ला मिळतो. सीमा टिकतात हे खरं. पण यूडीपीत मेसेज हरवू शकतो, दुबार येऊ शकतो, मागचा पुढे येऊ शकतो. आणि वाचायला दिलेला बफर लहान असेल तर मेसेजचा उरलेला भाग टाकून दिला जातो. केवळ सीमांसाठी यूडीपीकडे जाणं म्हणजे एक अडचण सोडवायला तीन नव्या घरात घेणं.

सीमा आखायच्या तीन रीती

पहिली रीत ठरावीक लांबीची. प्रत्येक मेसेज 40 बाइटचाच. चाळीस जमले की एक मेसेज झाला. सेन्सरच्या आकड्यांसाठी ही रीत उत्तम. नाव-पत्त्यासारखा कमीजास्त मजकूर आला की जागा वाया जाते आणि पुढे एक रकाना वाढवायचा तर सगळी यंत्रं एकदम बदलावी लागतात.

दुसरी रीत खुणेची. मेसेजच्या शेवटी ठरलेली खूण असते. बहुतेक वेळा ओळ संपल्याची. जीपीएस यंत्रांची एनएमईए वाक्यं अशीच असतात: सुरुवातीला डॉलरचं चिन्ह, शेवटी तारांकन, चेकसम आणि ओळ संपल्याचे दोन बाइट. ही रीत माणसाला वाचता येते, डीबग करायला सोपी जाते. प्रश्न येतो तो खूणच मजकुरात आली तर. ईमेलच्या एसएमटीपीत एकट्या टिंबाची ओळ म्हणजे पत्र संपलं. म्हणून पत्रातली एखादी ओळ टिंबाने सुरू होत असेल तर पाठवणारा तिच्यापुढे आणखी एक टिंब लावतो आणि घेणारा ते काढतो. खूण निवडलीत तर तिच्यापासून सुटकेचा असा नियमही त्याच दिवशी लिहून ठेवा.

खुणेबद्दल दोन्ही बाजूंचं तंतोतंत एकमत हवं. ‘ओळ संपली’ म्हणजे दोन बाइट की एक, यावर दोन मेल सर्व्हरांचं एकमत नसेल तर एका पत्राच्या पोटात दुसरं बनावट पत्र लपवता येतं. डिसेंबर 2023 मध्ये एसएमटीपी स्मगलिंग या नावाने हे उघड झालं आणि बऱ्याच मेल सर्व्हरांना दुरुस्त्या कराव्या लागल्या. सैलपणे ‘हेही चालेल, तेही चालेल’ म्हणणारा वाचक इथे दयाळू ठरत नाही, धोकादायक ठरतो.

तिसरी रीत लांबी आधी सांगायची. दोन किंवा चार बाइटमध्ये आकडा, त्यामागे तितकेच बाइट. डीएनएस टीसीपीवरून चालतं तेव्हा प्रत्येक मेसेजआधी दोन बाइटची लांबी असते. 1987 च्या आरएफसी 1035 पासून हीच पद्धत आहे. टीएलएसच्या प्रत्येक रेकॉर्डला पाच बाइटचं हेडर असतं आणि त्यात लांबी असते. वेबसॉकेटने त्यात काटकसर साधली आहे: 125 पर्यंतची लांबी सात बिटांत, त्यापुढे 16 बिट, आणखी मोठी असेल तर 64 बिट.

एचटीटीपी 1.1 ने दोन रीतींची सांगड घातली आहे. हेडर कुठे संपतात ते रिकाम्या ओळीच्या खुणेवरून कळतं आणि मजकूर किती ते लांबीच्या हेडरवरून, किंवा तुकड्यांच्या पद्धतीने.

नव्याने काही बांधत असाल आणि मजकूर कसाही असू शकत असेल तर लांबीची रीत घ्या. माणसं टेलनेट लावून बघणार असतील, मेसेज छोटे असतील, तर ओळीची रीत पुरते.

लांबी लिहिताना

लांबी लिहायची ती बाइटची, अक्षरांची नव्हे. चाचणी इंग्रजी मजकुरावर केली तर दोन्ही आकडे सारखे येतात आणि चूक झाकली जाते. ‘स्वारगेट’ हा शब्द घ्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. पायथॉनला किंवा जावाला त्याची लांबी विचारली तर आठ सांगतात, कारण जोडाक्षराचा हलन्त, काना, मात्रा हे सगळे वेगळे मोजले जातात. यूटीएफ-8 मध्ये तारेवरून जातात ते 24 बाइट. लांबी म्हणून 8 पाठवलीत तर पलीकडचा आठ बाइट उचलेल, म्हणजे दोन चिन्हं आणि तिसऱ्याचे दोन बाइट, आणि उरलेल्या 16 बाइटांना पुढच्या मेसेजचं हेडर समजेल. तिथून पुढे जोडणीचा ताळमेळ गेलाच. नियम असा ठेवा: आधी मजकुराचे बाइट करा, मग ते बाइट मोजा.

दुसरं, बाइटचा क्रम. नेटवर्कवर मोठा बाइट आधी, ही रूढी आहे. 300 हा आकडा दोन बाइटमध्ये 1 आणि 44 असा जातो. घेणाऱ्याने उलट वाचला तर 11265 होतो, आणि तो न येणाऱ्या अकरा हजार बाइटांची वाट बघत बसतो. ‘सर्व्हर हँग झाला’ म्हणून आलेल्या तक्रारीत हे एकदा तपासून पाहा.

तिसरं, सांगितलेल्या लांबीत ते लांबीचे बाइट स्वतः धरलेत की नाही, हे कागदावर असू द्या. कार्ड व्यवहारांच्या आयएसओ 8583 मेसेजपुढे बहुधा दोन बाइटची लांबी लावतात, आणि ती कशी मोजायची हे प्रत्येक जोडणीत वेगळं असू शकतं. समोरच्या पक्षाला विचारून घ्या. दोन बाइटच्या फरकाने रात्र जाते.

चौथं आणि सर्वांत महत्त्वाचं: आलेल्या लांबीवर विश्वास ठेवू नका. चार बाइटमध्ये चार जीबीपर्यंतचा आकडा मावतो. कोणी चुकून तुमच्या पोर्टवर ब्राउझर लावला तर त्याच्या विनंतीची सुरुवात जी, ई, टी आणि स्पेस अशी होते. त्या चार बाइटांचे आकडे 71, 69, 84 आणि 32. ते एक लांबी म्हणून वाचले तर होतात 1,19,57,25,856. म्हणजे प्रोग्रॅम एका फटक्यात एक जीबीहून जास्त मेमरी मागायला निघाला. लॉगमध्ये हा आकडा दिसला तर समजा की दारात एचटीटीपी उभं आहे. कमाल लांबी ठरवा, त्यापुढचा आकडा आला की मेमरी न मागता जोडणी तोडा.

एप्रिल 2014 मध्ये जगभर गाजलेली हार्टब्लीड ही चूकही याच जातीची. ओपनएसएसएलमध्ये समोरचा सांगेल ती लांबी खरी मानून तितके बाइट परत पाठवले जात होते. प्रत्यक्षात तितके आलेत का, हे पाहिलं जात नव्हतं. त्यातून सर्व्हरच्या मेमरीतली गुपितं बाहेर गेली.

ओळीच्या रीतीतही मर्यादा लागतेच. गो भाषेतला बफआयओ स्कॅनर आणि पायथॉनच्या असिंकआयओचा स्ट्रीमरीडर, दोघांनी मुळातच 64 केबीची मर्यादा घातली आहे. जावाच्या रीडलाइनला अशी मर्यादा नाही. तिथे ती तुम्ही घालायची.

वाचणाऱ्याची रचना

वाचणाऱ्या कोडचे दोन भाग वेगळे ठेवा. एक भाग सॉकेटमधून जे मिळेल ते साठ्यात ओततो. दुसरा भाग साठ्याकडे बघून पूर्ण मेसेज सुटे करतो. त्याला सॉकेट माहीतच नसतं. ढाचा असा:

साठा रिकामा करा
जोडणी चालू असेपर्यंत:
— सॉकेटमधून 4096 पर्यंत बाइट वाचा
— काहीच आलं नाही तर: साठा रिकामा असल्यास ठीक, नसल्यास ‘मेसेज अर्धवट तुटला’ अशी नोंद करा, बाहेर पडा
— आलेला तुकडा साठ्याच्या शेवटी जोडा
— साठ्यात पूर्ण मेसेज असेपर्यंत: तो काढा, पुढच्या कामाला द्या

शेवटची ओळ ‘असेपर्यंत’ अशी आहे, ‘असेल तर’ अशी नाही. ‘असेल तर’ लिहिलं की एका तुकड्यात आलेल्या तीन मेसेजपैकी पहिलाच निघतो, बाकीचे नवा डेटा येईपर्यंत पडून राहतात. आणि हेडरसुद्धा फुटून येऊ शकतं: चार बाइटच्या लांबीतले तीनच आले असतील, तर तेवढ्यावर भागवून आकडा काढू नका, थांबा.

ब्लॉकिंग सॉकेट किंवा असिंकआयओ असेल तर ‘नेमके इतके बाइट द्या’ असं सांगणारी तयार साधनं आहेत: जावात रीडफुली, गोमध्ये आयओ रीडफुल, रस्टमध्ये रीड एक्झॅक्ट, पायथॉनच्या असिंकआयओत रीडएक्झॅक्टली. ती वापरा. नेटीसारख्या लायब्ररीत तर लांबीवरून मेसेज सोडवणारा डीकोडर तयारच मिळतो.

शून्य बाइटचा अर्थ नीट समजून घ्या. स्ट्रीम सॉकेटवर शून्य म्हणजे समोरच्याने लिहिणं बंद केलं. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर ‘सध्या काही नाही’ हे शून्याने येत नाही, वेगळ्या एरर कोडने येतं. आणि एक फसवा प्रकार: तुमचा साठा काठोकाठ भरला असेल आणि तुम्ही ‘उरलेल्या जागेत वाचा’ म्हणालात, तर उरलेली जागा शून्य, उत्तरही शून्य, आणि प्रोग्रॅम चालू जोडणी बंद झाली असं समजतो.

साठ्याच्या पुढून प्रत्येक मेसेज काढताना उरलेले सगळे बाइट पुढे सरकवू नका. एका मेगाबाइटच्या साठ्यात दहा हजार छोटे मेसेज असतील तर त्याच बाइटांची दहा हजार वेळा उचलठेव होते. ‘कुठपर्यंत वाचलं’ याचा आकडा ठेवा आणि साठा अर्ध्याहून जास्त रिकामा झाला की एकदाच सरकवा.

आलेल्या तुकड्याचा लगेच मजकूर करण्याचा मोहही टाळा. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइटांचं असतं आणि तुकडा त्या तिघांच्या मधोमध संपू शकतो. तिथे डीकोडर एकतर अडतो, नाहीतर चौकोन आणि प्रश्नचिन्हं छापतो. आधी बाइटांवर सीमा शोधा, पूर्ण मेसेज हाती आला की मगच मजकूर करा. यूटीएफ-8 मध्ये ओळ संपल्याचा बाइट कुठल्याही देवनागरी चिन्हाच्या आत येत नाही, त्यामुळे हा शोध सुरक्षित आहे. यूटीएफ-16 मध्ये मात्र नाही: तिथे ‘ऊ’ हे अक्षर 9 आणि 10 या दोन बाइटांचं बनतं, आणि 10 म्हणजेच ओळ संपल्याची खूण. ऊसवाहतुकीच्या गाड्यांचा हिशेब पाठवणारा प्रोग्रॅम प्रत्येक ‘ऊस’पाशी मेसेज तोडेल.

एकाच जोडणीवर दोन बफर बसवू नका. पायथॉनमध्ये मेकफाइलने एक ओळ वाचली आणि नंतर थेट सॉकेटमधून वाचायला गेलात, तर मधले बाइट मेकफाइलच्या पोटात अडकलेले असतात. सिलेक्ट किंवा ईपोल सांगतं ‘काही नाही’, कारण त्याला फक्त कर्नलचा बफर दिसतो. टीएलएसच्या थरातही हेच घडतं; म्हणून तिथे आधी लायब्ररीला ‘तुझ्याकडे उरलंय का?’ असं विचारायची सोय असते.

हा उरलेला साठा सुरक्षेच्याही आड येतो. 2011 मध्ये पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये अशी चूक सापडली: साध्या जोडणीतून टीएलएसकडे जाताना आधीचा साठा रिकामा केला जात नव्हता. मधल्या हल्लेखोराने उघड्या जोडणीत घुसवलेली आज्ञा टीएलएस सुरू झाल्यावर सुरक्षित म्हणून चालवली जाई. जोडणीचं रूप बदलताना साठ्यात काही उरलं असेल, तर ते टाका किंवा जोडणीच तोडा.

वेळेची मर्यादा प्रत्येक वाचनाला लावून भागत नाही, पूर्ण मेसेजला लावा. दर काही सेकंदांनी एकेक बाइट देणारा क्लायंट प्रत्येक वाचनाची मर्यादा पाळतो आणि जोडणी तासन्‌तास अडवून ठेवतो. 2009 मध्ये आलेलं स्लोलोरिस हे हल्ल्याचं साधन याच युक्तीवर चालतं.

लिहिणाऱ्याची बाजू

सेंडने परत दिलेला आकडा बघितलाच पाहिजे. 5000 बाइट दिले आणि कर्नलने 3200 घेतले, तर उरलेले 1800 पाठवणं तुमच्याकडे राहतं. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर हे नेहमीचं आहे. पायथॉनमध्ये सेंडऐवजी सेंडऑल वापरा; सी मध्ये लूप लिहा. आणि सेंड यशस्वी झालं म्हणजे पलीकडे पोचलं असं नव्हे. बाइट तुमच्याच कर्नलच्या बफरात गेले, इतकंच. पोच हवी असेल तर ती मेसेजनेच मागवा.

लांबी एका सेंडने आणि मजकूर दुसऱ्या सेंडने पाठवू नका. जॉन नेगल यांनी 1984 च्या आरएफसी 896 मध्ये सुचवलेल्या पद्धतीत, आधीच्या बाइटांची पोच येईपर्यंत पुढचा छोटा तुकडा रोखून धरला जातो; एका बाइटसाठी 40 बाइटचं हेडर वाहून नेणं टाळावं हा त्यामागचा हेतू. पण घेणारी बाजू पोच द्यायला मुद्दाम थोडा उशीर करते, लिनक्सवर बहुधा 40 मिलिसेकंद. दोन्ही काटकसरी एकमेकींसमोर आल्या की प्रत्येक मेसेजला तेवढा उशीर बसतो. दोन्ही भाग एका बफरात जोडून एकदाच पाठवा. त्यानंतरही उशीर राहिला तर टीसीपी नोडिलेचा पर्याय चालू करा. तो सीमा टिकवत नाही, फक्त थांबणं बंद करतो.

दोन थ्रेड एकाच सॉकेटवर लिहीत असतील तर पूर्ण मेसेज जाईपर्यंत लॉक धरा, नाहीतर एकाच्या मजकुरात दुसऱ्याचं हेडर घुसेल. आणि समोरचा हळू वाचत असेल तर पाठवायच्या रांगेला मर्यादा घाला. टीसीपीची खिडकी शून्यावर आली की कर्नल थांबतो; तुमची रांग मात्र मेमरी संपेपर्यंत वाढत राहते. त्यातून दोन्ही बाजू फक्त लिहीतच बसल्या आणि वाचायला कोणीच नसलं, तर दोघीही एकमेकींची वाट बघत अडतात.

चाचणी मुद्दाम वाकडी घ्या

मेसेज सुटे करणारा भाग सॉकेटपासून वेगळा ठेवल्याचा फायदा इथे मिळतो: नेटवर्क न लावता त्याला हवे तसे तुकडे भरवता येतात. तीन मेसेजांचे बाइट एकापुढे एक ठेवा आणि या चाचण्या घ्या:

1. सगळे बाइट एकदम द्या.
2. एकेक बाइट द्या.
3. प्रत्येक शक्य जागी एकदा तोडून दोन तुकड्यांत द्या. 120 बाइट असतील तर 119 वेळा.
4. रिकाम्या मजकुराचा मेसेज आणि कमाल लांबीचा मेसेज द्या. मग कमालहून एक बाइट जास्तीचा.
5. मजकुरात देवनागरी, इमोजी आणि खुद्द खुणेचा बाइट घाला.
6. मेसेज अर्धा असताना जोडणी बंद करा.

पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या चाचणीचं उत्तर तंतोतंत सारखं आलं पाहिजे. त्यानंतर लिनक्सच्या नेटएमने उशीर आणि गळती घालून खऱ्या जोडणीवर पाहा. काही बिनसलं तर वायरशार्कमध्ये पूर्ण प्रवाह उघडा आणि पहिल्या चुकलेल्या मेसेजच्या आधीच्या मेसेजची लांबी हाताने मोजा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो; नंतरचा कचरा हा फक्त परिणाम.

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी अर्ध्या पानावर पाच गोष्टी लिहा: सीमेची रीत कोणती, लांबी किती बाइटची आणि कोणत्या क्रमाची, तिच्यात हेडर धरलंय का, कमाल मेसेज किती, आणि नियम मोडला तर काय करायचं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘जोडणी तोडायची’ हेच असावं. सीमा एकदा चुकली की पुढचा कुठला बाइट हेडरचा आणि कुठला मजकुराचा, हे खात्रीने सांगता येत नाही. अंदाजाने पुढे गेलेला सर्व्हर चुकीचा डेटा खरा म्हणून साठवून बसतो. नवी जोडणी उघडायला मात्र एक फेरीच लागते.